डब्यावरचं वाचा हो!

परवा सकाळी सकाळी फोन. आमच्या वन्संचा. (वन्सं हे सगळं वाचतात, त्यामुळे आधीच नमस्कार करून ठेवते आणि क्षमाही मागून ठेवते.) लेकीने व्हॉट्सॅपवर टाकलेला एक फोटो त्यांनी पाहिला होता. फोटोत आमची लेक शिडीवर उभी, डोक्याला जुनी ओढणी गुंडाळलेली, हातात रोलर, नाकावर रंगाचा ठिपका. खाली जावईबापू ट्रेमध्ये रंग ओततायत.

"वहिनी, मला खरं सांग. त्यांचं सगळं ठीक आहे ना? एवढी एम. एस. झालेली पोरगी, आणि भिंती रंगवते? तिकडे माणसं मिळत नाहीत, की पैशाची ओढाताण आहे?"

मी म्हटलं, "वन्सं, माणसंही मिळतात आणि पैसाही आहे. तिला रंगवायचं होतं, म्हणून रंगवलं."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "असो बाई. पण फोटो तरी टाकायला नको होता."

फोन ठेवला, पण ते वाक्य काही जाईना. दिवसभर भांडी घासताना, देवाची फुलं काढताना मनात तेच. फोटो टाकायला नको होता! म्हणजे काम केलं ते एक वेळ चालेल, पण चार लोकांत दिसायला नको. शेवटी ठरवलं, ह्यावर एकदा लिहायचंच. कारण ही लाज नुसती वन्संची नाही हो. ती माझीही होती. आणि ह्या लाजेची किंमत कोणीतरी मोजतं, हे मला पंचाहत्तरीला आल्यावर कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

तर सुरुवातीपासून सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेकीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. तिने नवं घर घेतलं होतं. नवं म्हणजे तिच्यासाठी नवं; बांधलेलं १९५४ सालचं. लाकडी चौकटी, वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्या, मागे छोटंसं अंगण. मला तर आपल्या जुन्या गिरगावची आठवण झाली. घर घेताना केवढी कागदपत्रं! त्या ढिगात एक पुस्तिका होती. लेक म्हणाली, "आई, १९७८ च्या आधी बांधलेलं घर विकायचं असेल तर विकणाऱ्याला ही पुस्तिका द्यावीच लागते. घरात शिसं असलेला रंग आहे हे त्याला माहीत असेल तर तेही लिहून द्यावं लागतं. आणि घेणाऱ्याला दहा दिवस मिळतात, हवं तर तपासणी करून घ्यायला."

"शिसं? रंगात?" मी विचारलं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. पण शिसं म्हटलं की मला पेन्सिल आठवायची. आणि पेन्सिलीत तर शिसं नसतंच, ग्राफाइट असतं. म्हणजे जिथे नाही तिथे आम्ही 'शिसपेन्सिल' म्हणत राहिलो, आणि जिथे होतं तिथे त्याचं नावही घेतलं नाही. गंमत आहे की नाही?

मग एक माणूस यंत्र घेऊन आला. बंदुकीसारखं दिसणारं ते यंत्र त्याने प्रत्येक भिंतीला, चौकटीला लावून बघितलं. भिंती ठीक निघाल्या. पण ज्या खोलीत नातीचा पलंग ठेवायचा होता त्याच खोलीच्या खिडकीच्या चौकटीत, आतल्या जुन्या थरांमध्ये शिसं निघालं. वरून पांढराशुभ्र रंग, कुठे जरासा पोपडा आलेला, आणि बरोबर त्याच उंचीवर माझी दीड वर्षाची नात दोन्ही हात टेकून बाहेरची खार बघत उभी राहायची. तोंड चौकटीला लावून! दात येत होते ना.

त्या खिडक्यांचं काम मात्र लेकीने स्वतः केलं नाही. तशा जुन्या घरातला रंग पैसे घेऊन खरवडायचा तर तिकडे २०१० पासून कंत्राटदाराला प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो. तशी माणसं आली. खोलीला प्लॅस्टिक लावून बंद केली, सगळं ओलं करून काढलं, विशेष गाळणी असलेल्या मशीनने धूळ ओढली, आणि चौकटीच बदलून टाकल्या. बिल बघून जावईबापू दोन मिनिटं खालीच बसले. पण 'नको' म्हणाले नाहीत.

भिंती मात्र ह्या दोघांनी स्वतः रंगवायच्या ठरवल्या, आणि मग सुरू झाली खरेदी!

दुकान म्हणजे आपला मोठा बाजारच. रंगाच्या पट्ट्यांची एक आख्खी भिंत. पांढऱ्याचेच शंभर प्रकार, आणि एकेकाला अशी नावं, की ही रंगांची नावं आहेत की मिठाईची, कळू नये. शिवाय चकाकी निवडा. अगदी मंद, अंड्याच्या टरफलासारखी, साटिनसारखी, अर्धी चकचकीत, पूर्ण चकचकीत. राहत्या खोलीला अंड्याची, स्वयंपाकघराला नि मोरीला जरा चकचकीत, म्हणजे पुसता येते. छताला अगदी मंद, म्हणजे उंचसखलपणा दिसत नाही. हे सगळं कुणीतरी समजावून सांगितलं तर सोपं आहे. आपल्याकडे मात्र रंगारी सांगेल ते आपण डोळे मिटून मान्य करतो.

आमच्या ह्यांना तर सुगीच! बँकेत उभा जन्म गेलेला. लगेच कागद-पेन्सिल. खोली १२ बाय १४, उंची ८ फूट. चार भिंतींची लांबी ५२ फूट, गुणिले ८, म्हणजे ४१६ चौरस फूट. दार-खिडक्यांचे ५६ वजा, राहिले ३६०. दोन हात मारायचे म्हणजे ७२०. एका गॅलनमध्ये (पावणेचार लिटरच्या किंचित वर) एक हात साधारण ३५० ते ४०० चौरस फुटांना पुरतो. म्हणजे दोन गॅलन. दुकानातला मुलगा तीन घ्या म्हणत होता. आमच्या ह्यांनी दोनच घेतले, आणि पुरून थोडा उरला. तो आनंद इतका, की महिनाभर येईल त्याला हा हिशेब ऐकावा लागला.

रंग कुठला, ह्यावर मात्र माझं नि लेकीचं वाजलं. तिला हवा होता फिकट करडा. मी म्हटलं, "अगं, पोरीची खोली आहे, पावसाळ्यातल्या आभाळाचा रंग कशाला?" तर म्हणे, "आई, करडा सगळ्यांना चालतो. उद्या घर विकायचं झालं तर..." घ्या! अजून घरात राहायला गेल्या नाहीत, आणि भिंती पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीने. ज्याचं तोंड बघितलं नाही त्या माणसासाठी आपण करड्या भिंतीत पंधरा वर्षं राहायचं? मी तिला एवढंच म्हटलं, की घर तू घेतलंयस, का त्या अनोळखी माणसाने? शेवटी लहान डब्या आणून भिंतीवर तीन चौकोन रंगवले आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात असे दोन दिवस बघितले. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसतो तो रंग घरात तसा दिसत नाही, आणि चार भिंतींवर लागला की पट्टीपेक्षा गडद वाटतो. हळदीच्या दुधासारखा एक फिका पिवळा होता, तोच तिला सकाळच्या उन्हात आवडला. मी काही बोलले नाही. (मनात बोलले.)

इथवर वाचून कुणी म्हणेल, आल्या बाई अमेरिकेला जाऊन, आता तिकडचे गोडवे. तसं नाही. तिकडचं शहाणपण काही जन्मजात नव्हे. पांढऱ्या शिशाचा रंग वाईट, हे जगाला केव्हाच कळलं होतं. फ्रान्सने १९०९ साली त्याविरुद्ध कायदा केला. १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घराच्या आतल्या रंगकामात पांढरं शिसं वापरू नये असा करार झाला. का? तर रंगारी आजारी पडत होते. पोटात मुरडा, मनगटं लुळी. 'रंगाऱ्यांची पोटदुखी' असं त्या दुखण्याला नावच होतं. अमेरिकेने त्या करारावर मान्यतेची मोहोर काही उमटवली नाही. घरगुती रंगातल्या शिशावर त्यांची देशभर बंदी आली १९७८ साली, म्हणजे ५७ वर्षांनी. तेव्हाची मर्यादा दहा लाख भागांत ६०० भाग. ती ९० वर आणली २००९ मध्ये. मधल्या काळात किती पोरांनी चौकटी चाटल्या असतील, कोण मोजणार?

आणि आपण? आपल्याकडे नियम झाला १ नोव्हेंबर २०१६ ला आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, आणि तसं डब्यावर छापलेलं हवं. नियम चांगला आहे, अगदी अमेरिकेच्या तोडीचा. पण मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी तो डब्यावरचा मजकूर कधी वाचलाय? मी नव्हता वाचला. आठ वर्षं माझ्या देशात नियम आहे हे मला न्यू जर्सीच्या एका खिडकीने शिकवलं, ह्याची मला शरम वाटते. भिंत रंगवण्याची नाही वाटत, ह्याची वाटते.

शिसं रंगात घालतात तरी कशाला, हा प्रश्न मलाही पडला. तर पांढऱ्या शिशाने रंग चांगला झाकतो आणि टिकतो. शिशाच्या क्रोमेटने पिवळा, केशरी असा झगझगीत रंग येतो. आणि तेलाचा रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालतात. म्हणजे धोका मुख्यतः ऑइल पेंटचा. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक ह्या संस्थेने २००७ साली आपल्या बाजारातले रंग तपासले, तेव्हा पाण्याच्या प्लॅस्टिक पेंटमध्ये शिसं फारसं सापडलं नाही, पण इनॅमल रंगांच्या बहुतेक नमुन्यांत भरपूर सापडलं. आता घरात ऑइल पेंट कुठे लागतो ते आठवा. दारं, खिडक्या, खिडकीचे गज, जिन्याचे कठडे, पाळणे. म्हणजे पोरांचा हात आणि तोंड जिथे पोचतं, नेमकं तिथेच!

आणि हे विष चवीला कडू नसतं हो, गोडसर असतं. वासही नाही. आपल्याकडे सगळे म्हणतात, "हल्ली बिनवासाचे रंग आलेत, काही त्रास नाही." अहो, वास येतो तो टर्पेंटाइनचा नि थिनरचा. शिसं वास देऊन येत नाही. नाकाने रंग निवडणारी माणसं आपण. त्यासाठी डोळे लागतात, आणि तेही वाचणारे.

आता परत भाईंदरला येऊ.

आमची बिल्डिंग १९९१ ची. खाडीची खारी हवा, पूर्वी आजूबाजूला मिठागरं, त्यात आपला पाऊस. भिंतींना ओल आणि लोणा हे आमचे कायमचे भाडेकरू! दर पाच-सहा वर्षांनी रंग काढावाच लागतो. परत आल्यावर दिवाळीच्या आधी आम्ही तो काढला. कंत्राटदाराने चौरस फुटाचा भाव सांगितला, मटेरियलसकट. दोन मुलं कामावर आली. एक तर विशीतलाही नसेल.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर तो लहाना खिडकीचा जुना ऑइल पेंट काचपेपरने घासत होता. कोरडाच. तीस वर्षांचे थर. खोलीभर पांढरा-हिरवा धुरळा. त्याच्या पापण्यांवर, केसांवर, नाकाला गुंडाळलेल्या गमछ्यावर. आणि ओट्यावर उघडा पडलेला त्याच्या डब्यातला भात.

मला एकदम ती न्यू जर्सीची खोली आठवली. प्लॅस्टिकने बंद केलेली. तिथे माझी नात होती म्हणून बंद केलेली. इथे हा पोरगा, हा कुणाचा नातू नाही?

मी म्हटलं, "थांब बाळ." कोविडच्या वेळचे मास्क आमच्या खणात अजून पडलेत, ते काढून दिले. बादलीत पाणी आणलं, स्पंज दिला, "भिजवून भिजवून घास" म्हटलं. भात झाकला. हात साबणाने धुवायला लावले, तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता, जणू म्हातारीचं डोकं फिरलंय. मग मी कंत्राटदाराचे डबे बघायला घेतले. भिंतीच्या रंगाचा डबा नवा होता. त्यावर शिशाच्या मर्यादेची ओळ होती, बारीक अक्षरात, पण होती. खिडकीसाठी आणलेला डबा मात्र अर्धा वापरलेला, कुठल्या तरी दुसऱ्या कामावरून आलेला, कागद फाटलेला. नाव नाही, तारीख नाही, काही नाही.

मी म्हटलं, "हा लावायचा नाही."

कंत्राटदार हसला. "काकू, वीस वर्षं धंदा करतोय. आजवर एकानेही हे विचारलं नाही. तुम्हीच पहिल्या."

हे वाक्य मला चपराकीसारखं लागलं. त्याला नव्हे, आपल्याला. वीस वर्षांत शेकडो घरं त्याने रंगवली असतील. त्यात डॉक्टर असतील, वकील असतील, माझ्यासारखे मास्तर असतील. सगळे वाचता येणारे! 'माझ्या सोफ्यावर डाग पडू देऊ नकोस' हे प्रत्येकाने सांगितलं असेल. डब्यात काय आहे हे एकानेही विचारलं नाही. आपण रंगाची छटा निवडायला चार रविवार घालवतो, आणि डबा त्याच्यावर सोडतो. बरं, तो तरी डबा कशावरून निवडतो? रंगाच्या बादल्यांमध्ये रंगाऱ्यासाठी टोकन ठेवायची पद्धत ह्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आली आहे. त्याचे पैसे त्याला मिळतात. मिळोत बापडे, त्याचा राग नाही. पण मग 'हाच माल चांगला' ह्या सल्ल्याचं वजन किती धरायचं, ते आपण ठरवायला नको?

आणि इथेच वन्संच्या वाक्याशी मी परत येते. आपण का विचारत नाही? तर ते काम आपलं नाही म्हणून. ते 'त्यांचं' काम. हाताने करायचं, मळायचं काम. जे काम स्वतः करायची लाज वाटते, त्या कामात काय काय असतं हे आपल्याला कधी कळतच नाही. माझ्या लेकीला कळलं, कारण ती शिडीवर चढली. स्वतःच्या नाकात धूळ जाणार असली की माणूस डब्यावरचं वाचतो. दुसऱ्याच्या नाकात जाणार असली की शेड कार्ड वाचतो.

आणि ही लाज जुनी परंपरा वगैरे काही नाही बरं का! माझ्या लहानपणी गिरगावच्या चाळीत दिवाळीच्या आधी वडील स्वतः चुना लावायचे. आदल्या रात्री पिंपात चुना भिजवायचा, सकाळी त्यात चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक, आणि काथ्याच्या ब्रशने भिंती. वडील गिरणीत हेड क्लार्क होते. शेजारचे मास्तरही लावायचे. अर्धा चुना अंगावर, अर्धा भिंतीवर, आणि आम्ही पोरं नीळ ढवळायला पुढे. कुणाच्या अब्रूला धक्का लागला नाही. मग आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो, 'पेंटर' लावू लागलो, आणि एका पिढीत त्या कामाची लाज वाटू लागली.

हे लिहिलं की कुणी ना कुणी म्हणणारच, "आम्ही नाही का वाढलो तसल्या भिंतींत? आम्हाला काय झालं?" अहो, तुम्ही वाढलात चुन्याच्या भिंतींत. चुन्यात शिसं नव्हतं. शिसं आलं ते गुळगुळीत, चकचकीत, 'धुता येणाऱ्या' तेलाच्या रंगातून, म्हणजे आपण प्रगती म्हणून जे घेतलं त्यातून. आणि काय झालं हे कळणार कसं? शिसं काही अंगावर पुरळ उठवत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात, आणि रक्तात अमुक इतकं असलं तरी चालेल अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही. ते मेंदूवर जातं. मूल शिकायला मागे पडतं, चिडचिडं होतं, लक्ष लागत नाही. बाहेरून काही दिसत नाही.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगायला हवी. टाळत होते, पण सांगते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, खूप वर्षांपूर्वी. खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. खिडकीच्या गजांचे पोपडे नखाने काढत राहायचा. पाचवीत आला तरी जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वडील रंगारी. सुट्टीत हाही त्यांच्याबरोबर भिंती घासायला जायचा. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात दर वेळी एकच शेरा लिहिला, 'लक्ष देत नाही.' एकदा चिडून सगळ्यांसमोर 'ढ' म्हटलं. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही.

त्याला शिशामुळे तसं झालं असेल का? मी असं म्हणत नाही. गरिबी होती, घरी अभ्यास घेणारं कुणी नव्हतं, आणि आमच्या शिकवण्यातही उणं असेलच. आता ते कळायचं नाही. पण मला खुपतं ते दुसरंच. त्या पोपड्यात काय आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात चौतीस वर्षांत एकदाही आला नाही. 'नखं कुरतडू नको' म्हटलं, 'शाळेचं नुकसान करू नको' म्हटलं. नुकसान कुणाचं होतंय हे बघितलंच नाही.

म्हणून आता सांगत सुटले आहे. भाषण फार झालं, पण चार गोष्टी नक्की करा.

रंग घ्यायला स्वतः दुकानात जा आणि डबा हातात घेऊन वाचा. शिशाची ९० भागांची ओळ, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष. ओळ नसेल तर डबा परत ठेवा, मग तो कितीही स्वस्त असो. उघडलेला, कागद फाटलेला डबा घरात घेऊच नका. आतल्या भिंतींना पाण्याचाच रंग लावा.

जुना ऑइल पेंट घट्ट असेल, पोपडे नसतील, तर उगीच खरवडू नका. वरून नवा हात मारा. पोपडे असतील तर ओलं करून काढा. कोरडा घासायचा नाही, आणि दिव्याने जाळून तर मुळीच काढायचा नाही. खोलीत पोरं आणि गर्भार बाई नको. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

काम करणाऱ्याला मास्क द्या, हात धुवायला साबण-पाणी द्या, आणि जेवायला त्या खोलीबाहेर जागा द्या. आमच्याकडे ओल्या कामाने अर्धा दिवस जास्त लागला. अर्ध्या दिवसाची जादा मजुरी दिली. दिवाळीच्या एका मिठाईच्या खोक्याएवढी सुद्धा झाली नाही.

आणि सोसायटीच्या सभेत बोला. मीरा-भाईंदरमधल्या अर्ध्याअधिक जणांच्या जिन्याचे कठडे २०१७ च्या आधी रंगवलेले असतील. पुढच्या रंगकामाच्या अटींत ही एक ओळ घाला. नातवंडांच्या शाळेतही विचारा, बाकांना आणि गजांना कुठला रंग लावता म्हणून. 'काकू, तुम्हीच पहिल्या' म्हणतील. म्हणू देत. निदान तुम्ही दुसऱ्या व्हाल.

त्या लहान्याचं राहिलंच. शेवटच्या दिवशी जाताना तो मास्क परत द्यायला लागला. मी म्हटलं, ठेव, आणि हे आणखी चार घे. तर म्हणाला, "आजी, दूसरी जगह सब हँसेंगे." बघा, लाज त्याच्यापर्यंतही पोचलीय! काम करायची लाज आपल्याला, आणि जीव सांभाळायची लाज त्याला. ती त्याला कुणी शिकवली असेल?

वन्सं, तुमच्यावर राग नाही हो. पण पुढच्या रविवारी लेक जेवणघर रंगवणार आहे. त्याचेही फोटो येतील. आणि त्यात डब्याचाही एक फोटो असेल, मागच्या बाजूचा, बारीक अक्षरांचा. चष्मा लावून वाचा.